घरपोच पुस्तक आणि अडीच हजारांचा ग्रंथपाल

गेल्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात एक परिसंवाद ऐकला. विषय ‘कोविडनंतरची सार्वजनिक ग्रंथालयं’. पहिले वक्ते म्हणाले, टाळेबंदीत सगळं गाव मोबाइलवर वाचायला शिकलं. आता वाचनालयांना अनुदान देत बसणं म्हणजे आटलेल्या म्हशीला सरकी चारणं आहे, त्यापेक्षा गावोगाव टॅब वाटा आणि विषय मिटवा. दुसरे वक्ते उठले आणि पुस्तकाच्या वासावर बोलले. कोऱ्या कागदाचा वास, जुन्या बांधणीचा वास, पानात सापडलेलं बकुळीचं फूल. पंचवीस मिनिटं. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मांडवात खुर्च्या लावायला, पाहुण्यांना बिल्ले टोचायला आणि शेवटी चहाचे कप गोळा करायला जी माणसं राबत होती, ती तालुक्यातालुक्यांतून बोलावलेली ग्रंथपाल मंडळी होती. महामारीत ग्रंथालयं कशी चालली हे ज्यांना माहीत, त्यांतलं एकही माणूस व्यासपीठावर नव्हतं.

हा वाद असाच चालू राहिला तर दोन्ही बाजू मिळून ग्रंथालय बुडवतील, असं माझं मत झालं आहे. एकाला ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचा साठा वाटतो. साठा फोनमध्ये मावला की त्याला इमारत नको. दुसऱ्याला ग्रंथालय म्हणजे वातावरण वाटतं. दार बंद झालं की त्याच्याकडे आठवणींखेरीज काही उरत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत साठा होता तिथेच होता आणि वातावरणाला कुलूप होतं. तरी काही गावांत लोकांच्या हाती पुस्तक पडलं, काही गावांत नाही पडलं. हा फरक कशाने झाला? कोणता वाचक काय वाचतो हे ठाऊक असलेला माणूस जिथे होता, आणि ते पोचवण्याची त्याला मुभा होती किंवा त्याने ती स्वतःच घेतली, तिथे सेवा चालू राहिली. अशा माणसाला धड पगार द्यायचं आपण अर्धं शतक टाळलं, आणि आता खापर मोबाइलवर फोडतो आहोत.

मी स्वतः एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, त्यामुळे दोषाचा वाटा माझ्याकडेही येतो. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कुलूप लावलं, अध्यक्षांनी किल्ली खिशात टाकली, ‘परिस्थिती निवळेपर्यंत’ असा कागद दाराला डकवला आणि मोकळे झालो. पुढचे अडीच महिने कार्यकारिणीने काय केलं? व्हॉट्सॲपवर एकमेकांना काढ्याच्या कृती पाठवल्या. जूनच्या सुरुवातीला ग्रंथपालताईंचा फोन आला. पाऊस तोंडावर आलाय, खिडक्या अशाच बंद राहिल्या तर मागच्या भिंतीकडच्या कपाटांना बुरशी धरेल, आठवड्यातून दोनदा उघडून हवा खेळवू द्या. किल्ली दिली. काही दिवसांनी कळलं की ताई हवा खेळवून परत निघतात तेव्हा स्कुटीवर दोन कापडी पिशव्या भरलेल्या असतात. मंगळवारी नदीकडचा भाग, शुक्रवारी बाजारपेठेच्या वरची आळी. आदल्या संध्याकाळी सभासदांना फोन. पुस्तक फाटकाच्या आत पायरीवर ठेवायचं, परत आलेलं वेगळ्या पिशवीत टाकायचं. देवघेवीच्या टेबलाखाली बिस्किटांची दोन रिकामी खोकी, एकावर मार्करने ‘मंगळ’, दुसऱ्यावर ‘शुक्र’. मंगळवारी आलेलं पुस्तक शुक्रवारीच फळीवर चढायचं, शुक्रवारचं मंगळवारी. नोंदी एका शंभरपानी वहीत, कारण मोठं रजिस्टर पिशवीत मावत नव्हतं. वहीत दाखल क्रमांक आणि तारीख तर होतीच, शिवाय नावापुढे स्वतःसाठी केलेले बारीक शेरे, कोणाला काय चालतं आणि काय नको याचे. पेट्रोल त्यांच्या पदरचं.

जुलैच्या ऑनलाइन बैठकीत आम्ही यावर चर्चा केली. चर्चा अशी की, हे नियमात बसतं का? एक सदस्य म्हणाले, उद्या पोलिसांनी अडवलं तर संस्थेचं नाव येईल. दुसरे म्हणाले, वरून लेखी घ्या. पत्र गेलं, उत्तर आलं नाही. पेट्रोलचा विषय निघाला तेव्हा कोषाध्यक्षांचं नेटवर्क गेलं. ताईंना कुणी थांबवलं नाही एवढाच आमचा त्या काळातला पराक्रम.

आता विरोधी बाजूचं म्हणणं. ते हलकं नाही. वाचनालयात रोज येणारा वर्ग म्हणजे साठी-सत्तरीची माणसं, पेपरच्या टेबलाभोवती खांद्याला खांदा लावून बसणारी. लोकप्रिय कादंबरी वर्षभरात कितीतरी हातांतून फिरते, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावणारे वाचक प्रत्येक गावात आहेत. ज्या विषाणूने सगळ्यांत आधी म्हाताऱ्यांना उचललं, त्याच्या काळात वाचनकक्ष उघडा ठेवणं हा गुन्हाच ठरला असता. तेव्हा दार बंद केलं ते बरोबर केलं. पण दार बंद म्हणजे सेवा बंद, असा अर्थ कुणी आणि का लावला? किराणावाल्याने अर्धं शटर खाली ओढून पुडे बाहेर द्यायचं आठवड्याच्या आत शिकून घेतलं. राज्याने मे २०२० मध्ये मद्य घरपोच द्यायला रीतसर परवानगी दिली. कोणी पोचवायचं, कसं पोचवायचं याचे नियमही निघाले. पुस्तकाबद्दल असा कागद निदान आमच्यापर्यंत कधी पोचला नाही. ५ ऑगस्टला मॉल उघडले, ५ ऑक्टोबरला उपाहारगृहं आणि बार, १५ ऑक्टोबरला ग्रंथालयं. १५ ऑक्टोबर हा राज्याचा वाचन प्रेरणा दिन, हा योगायोग कुणी मुद्दाम जुळवला असेल असं मला वाटत नाही. मद्याबद्दल माझी तक्रार नाही, तिजोरीला महसूल लागतोच. पण ज्या खात्यामागे पैसा आणि माणसं आहेत त्याला संकटातही वाट सापडते, आणि ज्याच्यामागे नुसती मानपत्रं आहेत त्याला कुलूप सापडतं, हे त्या तारखा ओळीने लावल्या की दिसतं.

पुस्तकातून रोग पसरेल ही भीतीही काही कोविडची देणगी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत हीच धास्ती पसरली होती. क्षय आणि लोहितांग ज्वराच्या (स्कार्लेट फिव्हर) घरातून परत आलेली पुस्तकं धुरी देऊन शुद्ध केली जात, कुठे सरळ जाळली जात. ब्रिटनने १९०७ मध्ये कायद्यातच तरतूद केली की संसर्गजन्य रोग झालेल्याने सार्वजनिक ग्रंथालयाचं पुस्तक घेतलं तर दंड. तेव्हाही काही शहाण्यांनी फुकट ग्रंथालयंच नकोत असा सूर लावला होता. ग्रंथालयं टिकली, कारण देवघेवीची नोंद ठेवणारा माणूस होता. कोणतं पुस्तक कोणत्या घरातून आलं हे त्याला सांगता येत होतं, म्हणून सगळा साठा जाळावा लागला नाही. २०२० मध्ये अमेरिकेत ग्रंथालयांसाठी प्रयोगशाळेत रीतसर चाचण्या झाल्या. विषाणू पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर किती टिकतो, मिटलेल्या पानांत किती, एकावर एक रचलेल्या गठ्ठ्यात किती. सुटी पुस्तकं तीन दिवसांत निर्धोक दिसली. रचून ठेवलेल्यांच्या चाचणीत सहा दिवसांनंतरही काही पृष्ठभागांवर विषाणू सापडला. पुढे पृष्ठभागावरून लागण होण्याचा धोका मुळातच कमी असल्याचं स्पष्ट झालं आणि पुस्तकांचं विलगीकरण मागे पडलं. आमच्या ताईंची बिस्किटांची खोकी त्या तीन दिवसांच्या हिशेबाने चालत. हिशेब त्यांनी वर्तमानपत्रात वाचला होता. कार्यकारिणीतल्या कुणी वाचला नव्हता.

डिजिटलवाल्यांचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो, आणि तो पुस्तकाच्या वासाने उडवून लावण्यासारखा नाही. ग्रंथालयांना ई-पुस्तकं पुरवणाऱ्या ओव्हरड्राइव्ह या कंपनीच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये जगभरात ४३ कोटी वेळा डिजिटल पुस्तकं, श्राव्य पुस्तकं आणि मासिकं उसनी गेली, आदल्या वर्षापेक्षा ३३ टक्के जास्त. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी श्राव्य पुस्तक ही चैन नाही, दरवाजा आहे. दुबईत किंवा न्यू जर्सीत अडकलेल्या मराठी माणसाला राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता आली. हे सगळं चांगलंच झालं. पण ते ४३ कोटींचं उसनं ग्रंथालयांमार्फतच गेलं ना? परवाने ग्रंथालयांनी विकत घेतले, सभासद ग्रंथालयांनी नोंदवले, आजोबांना पासवर्ड कुठे टाकायचा हे फोनवर ग्रंथालयाच्याच माणसाने समजावलं. हा आकडा ग्रंथालय नको म्हणणाऱ्याने वापरावा, यासारखी गंमत नाही.

आणि आपल्याकडचं ‘मोबाइलवर वाचन वाढलं’ हे नेमकं काय होतं? एप्रिल-मे २०२० मध्ये माझ्या फोनवर रोज पाच-सात पीडीएफ येऊन पडत. गाजलेल्या कादंबऱ्या, आत्मचरित्रं, तिरकी स्कॅन केलेली पानं, कडेला कुणाचा तरी अंगठा. मराठी प्रकाशक तेव्हा कळवळून सांगत होते की ही चोरी आहे. पाठवणाऱ्यांचा भाव मात्र अन्नछत्राचा. मला शंका आहे की त्यातली दहात एक पीडीएफही कुणी शेवटपर्यंत वाचली असेल. मी स्वतः एकही वाचली नाही. रीतसर मार्गाने एखादी मराठी कादंबरी ग्रंथालयाच्या ॲपवरून दोन आठवड्यांसाठी नेण्याची सोय आमच्या तालुक्यात तेव्हा नव्हती, आजही नाही. शिवाय ती उद्या आली तरी तिची नाडी कुणाच्या हातात असेल? अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह या ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने २४ मार्च २०२० ला सुमारे १४ लाख स्कॅन केलेली पुस्तकं रांगेविना, म्हणजे एकाच वेळी कितीही जणांना, खुली केली. १ जूनला चार मोठ्या प्रकाशकांनी दावा ठोकला, १६ जूनला ती सोय बंद झाली, आणि पुढे निकालही प्रकाशकांच्या बाजूने लागला. लेखक-प्रकाशकांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. लेखकाचं पोटही पुस्तकावरच असतं. मुद्दा इतकाच की कपाटातलं पुस्तक एकदा घेतलं की ग्रंथालयाच्या मालकीचं असतं, ते वाळवी लागेपर्यंत कुणी परत मागत नाही. ई-पुस्तकाचा परवाना पुष्कळदा दोन वर्षांत संपतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने स्वतःच्या घराला ओझं म्हणावं तसा हा टॅबवाल्यांचा युक्तिवाद आहे.

घरोघरच्या फोनबद्दलही जरा जमिनीवर येऊन बोलायला हवं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात शंभरांतल्या जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती, संगणक चार घरांत. त्यानंतर फोन वाढले, मान्य. पण २०२० मध्ये एका घरात एक फोन, सकाळी तो मुलीच्या ऑनलाइन वर्गाला, दुपारी बापाबरोबर कामावर, रात्री रिचार्ज संपलेला. त्यात आजीने कादंबरी कधी वाचायची?

तिसरा आक्षेप सगळ्यांत बोचरा, कारण तो खरा आहे. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं. त्यांतली बरीचशी नावापुरती. फलक आहे, अनुदान येतं, पण कपाट उघडलं तर वीस वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक. २०१२ च्या सुमारास पडताळणी झाली तेव्हा हे चव्हाट्यावर आलं, आणि त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं आणि वर्ग, म्हणजे अनुदान ज्यावर ठरतं ती अ ते ड श्रेणी, वाढवून देणं वर्षानुवर्षं थांबलं. अशा संस्थांनी महामारीत काही केलं नाही यात नवल काय? त्या आधीही काही करत नव्हत्या. पण या रोगावर आपण औषध काय दिलं? ड या सगळ्यांत खालच्या वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ च्या दराने वर्षाला ३०,००० रुपये. पुस्तकं शून्य, वर्तमानपत्रं शून्य, वीजबिल शून्य धरा आणि सगळी रक्कम पगारावर घाला, तरी महिना अडीच हजार होतात. दहा वर्षं हाच दर. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढ झाली, म्हणजे तोच हिशेब चार हजारांवर आला. अडीच हजारांत तुम्हाला ग्रंथपाल मिळत नाही, किल्ली सांभाळणारा मिळतो. मग त्याने किल्लीच सांभाळली म्हणून त्याला बोगस म्हणायचं? चोरट्या संस्थांची मान्यता जरूर काढा. पण चोरी पकडण्याच्या नावाखाली प्रामाणिक माणसाला दहा वर्षं उपाशी ठेवण्याचा न्याय कुठला?

इथे मला सयाजीराव गायकवाड आठवतात. त्यांच्याविषयी बोलताना आपण इमारतींची आणि सक्तीच्या शिक्षणाची नावं घेतो. ग्रंथालयांच्या बाबतीत त्यांनी काय केलं याचा क्रम मात्र पाहत नाही. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन हा ग्रंथालयतज्ज्ञ बडोद्याला आणला. पुढच्याच वर्षी ग्रंथपाल तयार करण्याचा वर्ग सुरू झाला, भारतातला पहिला. आणि मग गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या निघाल्या, विनामूल्य. आधी माणूस, मग पेटी. १९३१ मध्ये तमिळनाडूत मन्नारगुडीला बैलगाडीवरचं ग्रंथालय निघालं, त्याच वर्षी मद्रासचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं पहिलंच सूत्र पुस्तकं वापरासाठी असतात, हे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही पेटी २००९ पासून फिरते आहे. तेव्हा घरपोच पुस्तक हा महामारीचा शोध नव्हता. आपल्याकडे तो एका शतकापूर्वीपासून होता, फक्त सरकारी छापील अर्जात त्याला रकाना नव्हता.

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १ ऑगस्ट १८९८ ची. मुंबईत प्लेग आला १८९६ च्या सप्टेंबरात. माणसं शहर सोडून पळत होती, घरं तपासली जात होती, १८९८ च्या मार्चमध्ये प्लेगच्या उपायांवरून दंगल झाली. त्या शहरात, त्याच वर्षी, काही मंडळींना मराठी पुस्तकं एका जागी जमवावीशी वाटली. प्लेगमुळे ते काढलं असं मी म्हणणार नाही, पुराव्याशिवाय असले धागे जोडणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. पण रोगाची साथ आहे म्हणून ग्रंथालयाचा विचार पुढे ढकलावा, असं त्यांना वाटलं नाही एवढं तारीखच सांगते. आपल्या पूर्वजांच्या संस्थांचे शतकमहोत्सव करताना हे वाक्य कुणी भाषणात घेत नाही.

दूर कशाला, शेजारी पाहा. कर्नाटकात मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे. पालिका तो वेळेवर पुढे सरकवत नाहीत ही रड तिथेही आहे, पण कायद्याने ठरलेला पैसा तरी आहे. तिथली गावपातळीवरची ग्रंथालयं, साडेपाच हजारांहून अधिक, ग्रामविकास आणि पंचायतराज खात्याकडे आली होती. शाळा बंद असताना २०२० च्या अखेरीस या ग्रंथालयांनी ‘ओदुव बेळकु’, म्हणजे वाचनाचा उजेड, या नावाने सहा ते अठरा वयाच्या मुलांना फुकट सभासद करून घेण्याची मोहीम काढली. शाळेला कुलूप होतं, पंचायतीच्या वाचनालयात मूल येऊन पुस्तक नेत होतं. केरळात १ जून २०२० पासून दूरचित्रवाणीवर शाळेचे वर्ग सुरू झाले, आणि ज्यांच्या घरी संच नव्हता अशा मुलांसाठी गावातल्या ग्रंथालयांनी आपले संच लावले. केरळातली ग्रंथालयं आपल्यासारखीच लोकांनी काढलेली, लोकांनी चालवलेली. मग फरक कुठे? तिथेही कायद्यात उपकर आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात उपकराची तरतूदच नाही. आणि देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला कोणी? कोल्हापूर संस्थानाने, १९४५ मध्ये. पहिला नंबर लावून शेवटी जेवायला बसलेले आपण.

सॅन फ्रान्सिस्को शहराने तर २०२० मध्ये आपल्या ग्रंथपालांना रुग्णांचे संपर्क शोधण्याच्या कामाला लावलं. मला ही बातमी तेव्हा विचित्र वाटली होती. नंतर उमगलं की अनोळखी माणसाशी बोलत बोलत त्याला नेमकं काय सांगायचं आहे ते काढून घेणं, हेच तर देवघेवीच्या खिडकीवरचं रोजचं काम. ‘ते निळ्या रंगाचं, त्यात एक विधवा असते, ते पुस्तक द्या’ यावरून शीर्षक ओळखणारा माणूस साथीच्या काळात उपयोगी पडणारच. आपल्याकडे अशा माणसाची सेवाशर्ती आणि वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षांची आहे. ग्रंथालयांच्या प्रश्नांवर राज्याने नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशी हा शब्दप्रयोग ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक निवेदनात असतो, इतका की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते.

कुणी म्हणेल, स्थानिक संस्थांनी स्वतः उभं राहावं, सरकारकडे हात कशाला? आमचं वाचनालय वर्गणीवर आणि दिवाळी अंक योजनेवर थोडंफार उभं राहतंच. पण २०२० मध्ये ग्रंथालयं उघडली १५ ऑक्टोबरला आणि दिवाळी १४ नोव्हेंबरला. महिन्याभरात सभासद गोळा करायचे, त्यात निम्मे घराबाहेर पडायला घाबरलेले, काही अंक निघालेच नाहीत. त्या वर्षी योजनेत जे थोडे सभासद आले, ते ताईंनी फोन करून आणलेले. पिशवीतून पुस्तक घेताना ज्यांनी फाटकापलीकडून चार शब्द बोलून घेतले होते ते. स्वावलंबन म्हणतात ते हेच, आणि ते अडीच महिने किल्ली खिशात ठेवणाऱ्या आमच्या कार्यकारिणीतून आलेलं नव्हतं. अभ्यासिकेचंही तसंच. स्पर्धा परीक्षांची मुलं आज आमच्या वाचनालयातला निम्मा वेळ भरतात, आणि त्यांना लागतो तो पंखा, दिवा आणि रात्री दहाला दार लावणारं कुणीतरी. टॅबने दार लागत नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये आमच्या ताईंनी नोकरी सोडली. गावातल्या पतसंस्थेत रोखपालाची जागा निघाली होती, पगार आमच्या तिप्पट. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, अध्यक्षांनी त्यांना ‘वाचनालयाचा कणा’ म्हटलं. त्यानंतर सहा महिन्यांनी, दुसरी लाट ओसरल्यावर, एका देणगीतून आमच्याकडे चार टॅब आले. त्यांचं उद्‌घाटन झालं, फोटो छापून आला. ताईंच्या जागी आम्ही बारावी झालेला एक मुलगा घेतला आहे. चुणचुणीत आहे, संगणक त्याला येतो, पण तोही जाहिराती पाहत असतो, आणि का पाहू नये?

ती शंभरपानी वही मात्र ताई ठेवून गेल्या. ‘मंगळ’ आणि ‘शुक्र’ लिहिलेल्या खोक्यांत आता जुने दिवाळी अंक आहेत, वही त्यांच्यावर पडून असते. मध्ये एकदा चाळली. एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या नावापुढे ताईंनी लिहिलं होतं: ‘मो. टा. – यु. नको.’ नव्या मुलाला विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, काहीतरी मोबाइलचं असेल. मला लागायलाही वेळ लागला. मोठा टाईप, युद्ध नको. त्यांचा धाकटा भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेला, हे गावात बऱ्याच जणांना माहीत आहे. मी मुलाच्या खांद्यावरून चालू रजिस्टर पाहिलं. पोस्टमास्तरांनी शेवटचं नेलेलं पुस्तक दुसऱ्या महायुद्धावरचं होतं, चारशे पानांचं, बारीक टायपातलं. नेल्यापासून तिसऱ्या दिवशी परत केल्याची नोंद होती. त्यापुढे त्यांच्या नावावर नोंद नव्हती.